माळ्यावरची बेगमी

भिमाजी मास्तर नगरकडचे, आणि नगरकडच्या माणसाशी पावसाविषयी बोलण्यात काही अर्थ नसतो. तिकडे आभाळात ढग दिसला की माणसं कामं टाकून त्याच्याकडे बघत उभी राहतात. पाऊस म्हणजे त्यांच्या लेखी पाहुणा, आला तर आनंद आणि नाही आला तर नशीब. अशा माणसाला मिशनच्या लोकांनी उचलून लोणावळ्याला उपदेशक म्हणून नेमलं, तेही ऐन थंडीत. थंडीतल्या लोणावळ्याइतकं गुणी गाव दुसरं नाही. स्वच्छ ऊन, कोरडी हवा, तुंगार्लीच्या बंगल्यांतून कुत्री घेऊन हिंडणारे साहेबलोक. मास्तर एकदम खूश झाले. त्यांची बायको रतनबाई मात्र पहिल्याच आठवड्यात शेजारणीकडे चौकशी करून आली, की इथं पाऊस असतो तरी कसा.

शेजारीण मेहमुदा खळखळून हसली. "कसा म्हंजी? मधी एखाद्या दिवशी सूर्य दिसला, तर आमी पोरांना बोलावून दावतो."

ही गोष्ट पहिलं महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची.

वैशाख लागला तसा गाव कामाला लागला. कौलं चाळून झाली. पश्चिमेच्या भिंतींना गवताचे तट्टे बांधून झाले. लाकूडफाटा घरात गेला. बायकांनी पापड, सांडगे, मिरच्या, सुकट सगळं वाळवून डब्यात भरलं आणि घराघरांत धान्याची पोती थप्पीला लागली. याला आपल्याकडे बेगमी म्हणतात, आणि लोणावळ्यात ती न करणाऱ्याला वेडा म्हणतात.

मास्तरांची मंडळी म्हणजे मूठभर ख्रिस्ती घरं. काही रेल्वेतली, काही बंगल्यांवरच्या खानसाम्यांची आणि आयांची. मास्तर प्रार्थनेला ज्या घरी जात तिथं त्यांना पोत्याला पाठ टेकूनच बसावं लागे, कारण दुसरी जागाच उरलेली नसे. दोनदा त्यांनी सोसलं. मग एका रविवारी उपासनेत त्यांचा बांध फुटला.

"देवापाशी आजची भाकर मागता," ते गरजले, "आणि घरात भाद्रपदापर्यंतची भरून ठेवता! मग फसवता कुणाला? रानातल्या पाखरांना कणग्या असतात काय?" मंडळी माना खाली घालून बसली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण बोलण्याच्या भरात माणसाचा पाय घसरतो तो असाच. "या पावसाळ्यात तुमच्या उपदेशकाच्या घरात एका दिवसापेक्षा जास्त दाणा राहणार नाही. आणि मी कुठल्या माणसापाशी हात पसरणार नाही. देव देईल ते खाईन!"

बायकांच्या बाजूला चटईवर रतनबाई बसली होती. तिनं पदर पोटावर ओढून घेतला, कारण त्या पोटात आता आणखी एक जीव होता. पाचवा महिना चालू होता.

मास्तर बोलले तसे वागले. त्याच संध्याकाळी त्यांनी घरातलं तांदळाचं पोतं पाठीवर घेतलं आणि धरणाच्या कामावरच्या मजुरांच्या झोपड्यांत वाटून टाकलं. परत आले ते गाणं गुणगुणत. माणूस वाईट नव्हता. उलट फार चांगला होता, आणि संसारात बाईला खरा ताप होतो तो अशाच माणसाचा.

"अहो," रतनबाई म्हणाली, "पाखरांचं म्हणाल, तर हितल्या आषाढात पाखरू नजरंला पडत न्हाई म्हणं."

"मग जातं कुटं?"

"ते त्यास्नी ठावं. पर कुटंतरी जातं. आपल्याला जायला जागा न्हाई."

मास्तर हसले. उपासनेत ते छापील मराठी बोलत, पण घरात पाय ठेवला की नगर तोंडात येई. "रतन, एवढी भितीस कशापायी? दाणा कुटनं येईल ते तू मला इचारू नगंस. मी बी तुला इचारणार न्हाई. झालं?"

ती कशापायी भीत होती ते त्यांना ठाऊक होतं, पण त्यावर दोघं कधी बोलत नसत. त्यांचं पहिलं मूल दुष्काळी सालात गेलं होतं. आईच्याच पोटात अन्न नव्हतं, तर अंगावर दूध कुठून येणार? तेव्हाही मास्तरांनी प्रार्थना केली होती, आणि रतनबाईनंही केली होती. त्या दिवसापासून तिचा देवावर विश्वास नव्हता असं नाही, पण देवाच्या कारभारावर लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे असं तिचं पक्कं मत झालं होतं. या खेपेला काहीही होवो, आपण उपाशी राहायचं नाही आणि पोटातल्याला राहू द्यायचं नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

तेव्हा मास्तरांनी सहज टाकलेला तो शब्द तिनं अलगद झेलला. मी विचारणार नाही, असं ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते. मास्तर उर्से, वडगाव अशा गावांतून प्रचाराला निघाले, त्याच दिवशी तिनं माहेरी सांगावा धाडला. तिचा भाऊ दत्तोबा आगगाडीनं आला तो बाजरीचं टम्म पोतं, तुरीची डाळ आणि गुळाची ढेप घेऊन. आला तसा चहा पिऊन परतही गेला. पोतं ठेवायचं कुठं, हा प्रश्न मेहमुदानं सोडवला.

मेहमुदा आणि रतनबाई यांची घरं पाठीला पाठ लावून नव्हे, तर खांद्याला खांदा लावून उभी होती. मध्ये एक सामाईक भिंत, मागच्या परसात कंबरेएवढा दगडांचा गडगा. मेहमुदाचा नवरा दस्तगीर स्टेशनात सांधेवाला होता, गाड्यांचे रूळ बदलून द्यायचं काम करायचा. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात दोघंच. मेहमुदा रतनबाईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून रतनबाई तिला भाबी म्हणे.

"माझ्या माळ्यावर ठिव," मेहमुदा म्हणाली. "अमानत म्हणून ठिव. पर तू वर चढायचं न्हाई हां. शिडी मोडकी हाय नि तू पोटुशी. रोजचं रोज मी काढून दळून दीन."

"मास्तरांना कळलं तर?"

"माझ्याकडनं कळायचं न्हाई. मी कशाला सांगती? मला काय त्यांच्या देवळात जायाचंय?"

आणि बेत असा काही जमला की रतनबाईला स्वतःचंच कौतुक वाटलं. रोज सकाळी मास्तर पुढच्या खोलीत डोळे मिटून प्रार्थनेला बसत, तेव्हा मागच्या गडग्यावरून पीठ आणि मूठभर डाळ अलीकडे येई. मास्तर डोळे उघडून आत येत तो परातीत पीठ. "अगं, कुटनं—" एवढं ते म्हणत, मग दिलेला शब्द आठवून जीभ चावत आणि छपराकडे बघत. त्यांचा चेहरा असा उजळे की रतनबाईला क्षणभर लाज वाटे. पण क्षणभरच. भाकरी थापता थापता ती मनात म्हणे, देव देतो हे खरंच आहे, पण आधी रतन साठवते तेव्हा.

जेवायला बसलं की मास्तर आभार मानत. ते खड्या आवाजात आणि भाकरी गार होईपर्यंत मानत. पिठाबद्दल आभार, डाळीबद्दल आभार, मिरचीबद्दल वेगळे आभार. ज्या अज्ञात हातानं हे पाठवलं त्या हाताला तू आशीर्वाद दे, असंही म्हणत. हे ऐकताना तो अज्ञात हात समोरच बसून भाकरीचा तुकडा मोडायची वाट बघत असे, निदान त्या हाताला तसं वाटत असे.

पावसानं मग आपलं खरं रूप दाखवायला सुरुवात केली. तो पडत नव्हता, राहायलाच आला होता. कपडे वाळत ना, काडी पेटे ना, चपलांवर बुरशी चढली. मास्तर खिडकीशी उभे राहून नगरच्या माणसासारखे बघत राहत आणि म्हणत, "आता थांबंल." शेजारी दस्तगीर कामावर निघताना हे ऐके आणि डोक्यावरचं घोंगडं सारखं करत म्हणे, "व्हय मास्तर, दसऱ्याला थांबंल."

आषाढ थोडा सरला, तेव्हा एके सकाळी गडग्यावरून बाजरीऐवजी तांदळाचं पीठ आलं. रतनबाई चपापली.

"आगं, बाजरी हितल्या दमट हवेत कडू पडती," मेहमुदा घाईघाईनं म्हणाली. "मी बदलून तांदूळ घेतला एकाकडनं. तुला चालंल ना?"

न चालायला काय झालं? रतनबाईला ते पटलं, वर भाबी किती शहाणी असंही वाटलं. मास्तरांना तर तांदळाची भाकरी बघून गहिवरून आलं. "बघ रतन! प्रांत बघून देवानं धान्य बदललं!"

आता असली गोष्ट माणूस पोटात ठेवील? मास्तर तर ती ठेवणाऱ्यांतले मुळीच नव्हते. घरोघरच्या प्रार्थनासभांत ते उठून साक्ष देऊ लागले, की घरात दाणा नाही, कुणापाशी मागितलेलं नाही, आणि तरी रोज सकाळी परातीत पीठ आहे. ऐकणारी माणसं डोळे पुसत. रतनबाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसे. ही साक्ष फार लांब जायला लागली, हे तिला कळत होतं. पण ती थांबवायची म्हणजे माळ्यावरचं पोतं सांगायचं, आणि पोतं सांगितलं तर मास्तर तेही पाठीवर घेऊन वाटायला निघणार. तेव्हा ती गप्प राहिली.

मग एकदा असा पाऊस लागला की जुनी माणसंसुद्धा घाबरली. इंद्रायणी फुगून शेतांतून वाहू लागली, कामशेतच्या पलीकडे रूळ पाण्याखाली गेले, आणि घाटात दरड आली. पुण्याची गाडी बंद, मुंबईचीही बंद. बाजारात माल यायचा थांबला आणि होता तो ज्यांनी त्यांनी लुटल्यासारखा उचलला. वाण्याच्या दुकानात मीठ आणि खराटे तेवढे उरले. ज्यांच्या घरी बेगमी होती ते दार लावून पापड भाजत बसले.

अशा दिवशी, सकाळीच, मास्तरांच्या दाराशी झुंबरबाई येऊन उभी राहिली. झुंबरबाई म्हणजे मंडळीतली म्हातारी विधवा, तुंगार्लीच्या एका बंगल्यावर आया. पावसाळ्यात साहेब मंडळी निघून जात, बंगला बंद होई आणि झुंबरबाईचं कामही बंद होई. म्हणून दर वर्षी ती सगळ्यांच्या आधी बेगमी करायची. या वर्षी केली नव्हती. आज तिच्या अंगावर इरलं होतं, कडेवर नात होती, आणि चेहऱ्यावर काळजीचं नाव नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचं ऐकून औंदा मी बी काय साठवलं न्हाई. काल रातच्याला डबा खरवडला. आता तुमच्या घरी देव रोजच येतो म्हणं. तवा म्हटलं, आज आपुन बी तितंच जाऊन बसावं."

"बसा! बसा!" मास्तरांना आनंद मावेना. त्यांनी स्वतः घोंगडी अंथरली, नातीला मांडीवर घेतलं आणि आत वळून हाक मारली, "रतन! आज दोन पानं जास्त!"

रतनबाई चुलीशी हात जोडल्यासारखी उभी होती. आज सकाळी गडग्यावरून काहीच आलेलं नव्हतं. मेहमुदाला उशीर झाला असेल असं ती स्वतःला सांगत होती. आता चार तोंडं झाली होती, आणि झुंबरबाई आली तशी मंडळीतली आणखीही येतील. तिनं ठरवलं, आता रोजचं रोज पुरे. पोतंच खाली काढायचं. डोक्यावर गोणपाट घेऊन ती मागच्या दारानं निघाली.

मेहमुदाच्या घरात शुकशुकाट होता. दस्तगीर पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपला होता. गाड्याच बंद, तर सांधे कुणासाठी बदलायचे? रतनबाईनं दोनदा हळू हाक मारली, मग एक हात पोटाखाली धरून ती मोडक्या शिडीवर चढली.

माळ्यावर पोतं नव्हतं. म्हणजे होतं, पण रिकामं. धुऊन, घडी करून, वर वीट ठेवलेलं. कापडावर पांढऱ्या-काळ्या बुरशीचे डाग होते. बाजूला एक रिकामं मडकं, आणि वर कौलांच्या जागी कुणीतरी ठोकलेला पत्र्याचा तुकडा. ती ज्या धान्याच्या जिवावर महिनाभर शांत झोपत होती, त्याचा एक दाणा तिथं नव्हता.

खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिला विचार वाईटच आला. खाल्लं हिनं! अमानत म्हणे! माझ्या लेकराच्या तोंडचं खाल्लं! डोळ्यांत पाणी उभं राहिलं ते रागाचं. तेवढ्यात खाली पावलं वाजली.

"या अल्ला! उतर आधी खाली!" मेहमुदा किंचाळली. ती डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली होती आणि तिच्या हातात रिकामी पिशवी लोंबत होती. तिनं शिडी गच्च धरली. रतनबाई उतरली आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "भाबी, माझी बाजरी कुटं गेली?"

मेहमुदानं रिकामी पिशवी खाली ठेवली. ज्या गोष्टीला ती इतके दिवस भीत होती ती आता समोर आली होती.

"कुजली गं," ती म्हणाली. "आषाढाच्या पयल्याच आठवड्यात. कौल सरकलं, समदं पानी पोत्यात. मला वास आला तवा वर गेले, तर कोंब आल्यालं नि आत अळ्या. डाळ बी गेली. गवळ्याच्या म्हशीनं सुदिक तोंड लावलं न्हाई."

"मग सांगितलं का न्हाई?"

"कोणत्या तोंडानं सांगू? तू माझ्या जिवावर ठिवली व्हतीस. माझ्या घरात नासली. नि तुजं दिवस हे असं. तुला सांगून तुझी झोप घालवू?"

रतनबाईनं वर माळ्याकडे बघितलं. "मग आमी खातोय ते काय?"

"आमी खातो तेच. आमच्यातलं."

"तुमच्यात एवढं व्हतं?"

मेहमुदानं पदर पिळायला घेतला. पिळून झाला तरी ती पिळतच राहिली. "भागत व्हतं. हे म्हनले, मी एकदाच जेवतो, रातपाळीला पोट हलकं असलं तर झोप येत न्हाई, सांधा चुकत न्हाई. आज मातुर आमचं बी संपलं. बाजारात जाऊन आले. काय बी न्हाई मिळालं."

रतनबाई तिथंच भिंतीला टेकून बसली. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. तिला एकदम नवऱ्याचा तो उजळलेला चेहरा आठवला आणि त्या चेहऱ्याला मनातल्या मनात हसणारी आपणही आठवली. कोठाराची किल्ली आपल्या कमरेला आहे अशा दिमाखात ती महिनाभर वावरली होती, आणि कोठार तर केव्हाच कुजलं होतं. परातीत रोज पीठ येत होतं ते तिच्या हुशारीनं नव्हे. मास्तर जसे खात होते तशीच तीही खात होती, कुणाच्या तरी दयेचं, रोजचं रोज. पोटातल्या लेकरासकट. तिला इतकं रडू आलं की आवरेना, आणि मेहमुदाला वाटलं ती बाजरीसाठीच रडते आहे.

"देते गं भरून. पुढच्या साली देते."

"गप बसा हो भाबी," रतनबाई तिचा हात धरून म्हणाली. "चला माझ्यासंगं. आपुन दोघी जाऊन सांगू."

पुढच्या खोलीत मास्तर झुंबरबाईच्या नातीला गाणं शिकवत होते. दोघी ओल्याचिंब दारात उभ्या बघून ते थांबले. रतनबाईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दत्तोबा, पोतं, माळा, गडगा. मास्तरांचा चेहरा पडत पडत पार विझला.

"म्हंजी... माझी साक्ष?" ते कसंबसं म्हणाले. "मी आख्ख्या मंडळीपुढं खोटं बोललो?"

"न्हाई," रतनबाई म्हणाली. "मला वाटायचं तुमी खोटं बोलताय. बाजरी आषाढातच कुजली. तवापास्नं मला तरी कुटं ठावं व्हतं आपलं अन्न कुटनं येतंय ते? यांच्या ताटातलं येत व्हतं. दस्तगीरभाऊ एकदाच जेवत्यात, आपल्यापायी."

झुंबरबाईनं "अरं देवा" म्हणून गालाला हात लावला. मास्तर म्हणजे भल्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण आवाज कुठं गेला कोण जाणे. नातीला खाली ठेवून ते मेहमुदाकडे वळले. "भाबी, आमी रोज जेवताना एवढे आभार मानले. तुमाला एका शब्दानं म्हटलं न्हाई."

"म्हनत व्हता की," मेहमुदा म्हणाली. "भित पातळ हाय, मास्तर. समदं ऐकू यायचं. तो अज्ञात हात का काय म्हनायचा, त्याला आशीर्वाद. हे मला म्हनायचे, बघ, तुलाच म्हनतोय." ती जराशी लाजली. "ते ऐकलं की दुसऱ्या दिवशी बी द्यावं वाटायचं."

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडले की हसले ते त्यांनाच ठाऊक. मग ते उठले, खुंटीवरचं घोंगडं काढलं आणि रिकामी गोणी काखेत मारली.

"कुटं निघालात?" झुंबरबाईनं विचारलं.

"मागायला."

"देवापाशी?"

"तिकडं रोजच मागतो. आज माणसांपाशी जातो. मी त्यांच्यापाशी मागणार न्हाई म्हणून बसलो नि माझ्या वाटचं उपास दस्तगीरभाऊनं काढलं. कसला इश्वास नि कसलं काय, नुसता ताठा व्हता माझा." शेजारच्या दारावर त्यांनी थाप मारली. दस्तगीर डोळे चोळत बाहेर आला, काय झालं ते ऐकून बायकोकडे रागानं बघितल्यासारखं केलं, आणि घोंगडं घेऊन मास्तरांबरोबर पावसात चालू लागला. तुंगार्लीच्या रस्त्याला दोघांची पाठ लगेच दिसेनाशी झाली.

घरात तीन बायका आणि एक लहान मुलगी उरली. पोरगी चुळबुळ करायला लागली, मग भूक म्हणाली. झुंबरबाई तिला थोपटत होती. तिच्या तोंडावर अजूनही काळजी नव्हती, आणि रतनबाईला त्या म्हातारीचा थोडा हेवा वाटला, थोडा रागही आला.

तांदूळ निवडून मोजून हाताशी असल्याशिवाय रतनबाईनं जन्मात कधी चुलीवर आधण ठेवलं नव्हतं. सरपण का उगाच जाळायचं? तिची आईही तसंच करायची. आता घरात दाणा नव्हता, माळ्यावर नव्हता, शेजारी नव्हता. तिला भीती वाटत होती, अगदी पहिल्या मुलाच्या वेळी वाटली होती तशीच. त्या भीतीसकट ती उठली. ओल्या लाकडाला फुंकून फुंकून तिनं चूल पेटवली, मोठं पातेलं चढवलं आणि पाणी ओतलं. चार माणसांचं ओतलं. मग मेहमुदाकडे बघून आणखी दोघांचं ओतलं. मग जरा थांबली आणि हंडाच उचलून पातेलं काठोकाठ भरलं.

"आगं, एवढं?" मेहमुदा म्हणाली.

"असू द्या. मंडळीतलं अजून कोन कोन येईल."

पाणी उकळलं. आटलं तसं तिनं पुन्हा घातलं. पुन्हा उकळलं. पोरगी वाफेकडे बघत बघत झोपली, तेव्हा वाटेवर मोठमोठ्यानं बोलणं ऐकू आलं. मास्तर आणि दस्तगीर आले, आणि त्यांच्यामागे इरलं घेतलेले तुंगार्लीचे शेतकरी महिपती आबा. दस्तगीरच्या डोक्यावरची गोणी तांदळानं भरलेली होती आणि आबांच्या हातात वालांची पुरचुंडी होती. आबा दारातूनच तक्रार करत होते.

"बाई, तुजं मालक सा म्हैनं झालं आमच्या दारावरनं जात्यात नि हातावर गुळाचा खडा ठिवला तरी नगं म्हनत्यात! आमाला वाटलं, साहेबाचं अन्न खानारा मानूस, आमचं कशाला खातोय. आज मागितलं तवा कळलं, मानसातला हाय."

मास्तर भिजून काकडले होते, पण आवाज परत आलेला होता. ते आत आले आणि चुलीवरचं ते रटरटणारं भलं मोठं पातेलं बघून जागच्या जागी थबकले. घरात दाणा नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

"रतन, येवढं आधण कुणाच्या भरवशावर ठिवलंस गं?"

"तुमच्या तर न्हाईच," रतनबाई म्हणाली आणि सूप पुढं केलं. "द्या ते तांदूळ हिकडं. लोक उपाशी हायती."